सोपानकाकांचा राग

राग आला की सोपानकाका जमिनीवर बसत. आमच्या चाकणच्या कंपनीची बस ते चालवायचे. कुणी गाडी आडवी घातली, शिवी हासडली, की बस कडेला घेऊन इंजिन बंद करत, खाली उतरत आणि रस्त्याकडेच्या मातीत मांडी घालत. आत आम्ही बायका हसू दाबायचो. "उभ्या मानसाचा हात सुटतो. बसल्याला आदी उठावं तरी लागतं," एवढंच ते म्हणत.

काका मूळचे माण तालुक्यातले. जमिनीच्या वाटणीवरून त्यांनी सख्ख्या भावाच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला होता. भाऊ वाचला, पण त्याची जीभ कायमची जड झाली. काका तुरुंगात जाऊन आले. हे त्यांनीच मला सांगितलं, त्यानंतर मला कधी हसू आलं नाही.

एका दुपारी शिफ्ट सुटल्यावर चौकाअलीकडच्या गर्दीत बसचा आरसा एका मोठ्या गाडीला घासला. तिघे उतरले. एकाच्या हातात लोखंडी रॉड. त्यांनी काकांना ओढून खाली काढलं. काका तिथेच रस्त्यावर बसले.

"बघ रे, म्हातारं पाया पडतंय!" म्हणत एकाने त्यांची टोपी लाथेने उडवली. तिघेही खिदळले.

काका उठले.

रॉड त्यांच्या हातात कधी आला, कळलंच नाही. टोपी उडवणारा मागे सरकताना पडला. तोवर मला त्या तिघांची भीती वाटत होती, आता काकांची वाटू लागली. त्या चेहऱ्यावर ओळखीचं काहीच उरलं नव्हतं. मी बसच्या दारातून किंचाळले, "काका, बसा! खाली बसा!"

वर गेलेला रॉड थांबला. मग खणकन रस्त्यावर पडला आणि काकाही गुडघ्यांवर कोसळले. तिघे गाडीत घुसून पसार झाले.

मी खाली उतरून त्यांना पाणी दिलं.

"फार लागलं का, काका?"

"मार सोसतो गं, पोरी. हसले ना, तितं समदं सुटतं. त्या दिशी भाऊबी हसला हुता."

दुसऱ्या दिवशी बसची किल्ली ऑफिसात देऊन ते गेटकडे निघालेले दिसले. मी मागे धावले. "काका, तुम्ही थांबलात की! कुणाला काही झालं नाही."

"तू हाक मारलीस म्हनून थांबलो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "पन तुजा आवाज लई लांबनं आला, पोरी. लई लांबनं."