इद्वलची न विकलेली गाय

आमच्या खोऱ्यात निम्मे लोक डेव्हिस आणि उरलेले एव्हन्स, त्यामुळे माणूस ओळखायचा तो धंद्यावरून. पाववाला डेव्हिस, टपालवाला डेव्हिस. माझ्या बांधाला लागून असलेला इद्वल डेव्हिस मात्र सपातावाला. घरातल्या सपाता घालून तो दिवसभर शेगडीपाशी बसायचा आणि फोनवर दूध विकायचा. गाई त्याने बायको वारली त्याच वर्षी काढून टाकल्या होत्या, पण डेअरीला दूध घालायचा सरकारी कोटा त्याच्या नावावर तसाच होता. ज्याच्या गाई कोट्याबाहेर दूध देतील त्याला दंड, मग तो इद्वलकडून कोटा भाड्याने घेणार. त्यावरच त्याचं घर चालायचं. सरकार शेतीला जे अनुदान देतं, त्याचे हक्कसुद्धा तो इतरांकडून विकत घ्यायचा. नावावर जमीन दाखवल्याशिवाय ते अनुदान मिळत नाही म्हणून त्याने दूरच्या एका डोंगरावरचे खडक भाड्याने घेतले होते. ते त्याने कधी पाहिलेही नव्हते.

माझ्या गोठ्यात चाळीस गाई. मार्च आला की माझा वर्षाचा कोटा संपायचा आणि मला त्याचा उंबरा चढावा लागायचा.

"काय करणार नेस्टा, भाव चढलाय."

"मेल्या, चढवतोस तूच!"

"तुझ्या गाई तुझं ऐकत नाहीत, त्याला मी काय करू? बस, मनुकांचा पाव खा."

पावाचा तुकडा इतका पातळ कापायचा की त्यातून पलीकडची खिडकी दिसावी.

आणि एका वर्षी नियम बदलला. मार्चअखेरपर्यंत ज्याने स्वतःच्या गाईचं थोडंतरी दूध स्वतःच्या कोट्यावर घातलं नसेल, त्याचा कोटा सरकारजमा. मला झालेला आनंद मी लपवला नाही. दुसऱ्याच दिवशी इद्वल माझ्या गोठ्याच्या दारात उभा.

"एक गाय हवी होती. महिनाभरापुरती."

"उसनी चालत नाही. नियम वाच."

"मग विकत दे. ती कोपऱ्यातली म्हातारी चालेल."

म्हातारी म्हणजे सेरेन. दूध बेताचं, लाथ मात्र तरण्या गाईची. मी किंमत सांगितली, तसा तो मटकन बादलीवर बसला.

"एवढी?"

"काय करणार इद्वल, भाव चढलाय."

शेवटी पैसे मोजून त्याने सेरेन नेली. तिचं दूध न्यायला येणारा डेअरीचा टँकरवाला गेथिन हसून हसून बेजार व्हायचा. एवढा मोठा टँकर त्या अरुंद वाटेने मागे मागे घ्यायचा, आणि आत जायचं काय, तर एका गाईचं दूध! पहिल्या सकाळी सेरेनने इद्वलच्या पायावर पाय दिला. दुसऱ्या सकाळी बादली उलथली. नंतर मात्र आरडाओरडा ऐकू येईना. मी कुंपणावरून डोकावले, तर हा कपाळ तिच्या कुशीला टेकवून धार काढतोय आणि तिला कोट्याचे ताजे भाव ऐकवतोय. ती बाई रवंथ करत होती. इतकं मन लावून त्याचं कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भाव भडकले. फोन थांबेना. इद्वलला जुना कैफ चढला. तो देत गेला, देत गेला, आणि होता नव्हता तेवढा कोटा भाड्याने देऊन बसला. पट्टीचा पोहणारा गुडघाभर पाण्यात बुडतो म्हणतात, तसं झालं. सेरेनच्या दुधापुरता कोटा ठेवायचा असतो, हेच तो विसरला! शेवटच्या दिवशी दुपारी गेथिनने डेअरीचा निरोप आणला: वर्षअखेरच्या हिशेबात तुमच्या नावावर थेंबाचाही कोटा उरलेला नाही, महिनाभर घातलेलं दूध धरता येणार नाही.

इद्वल चिखल तुडवत माझ्याकडे धावत आला.

"नेस्टा, एका गाईपुरता कोटा दे गं. संध्याकाळी कोट्याचं कार्यालय बंद व्हायच्या आत. नाहीतर सगळंच जाईल."

माझ्याकडे बरोबर तेवढाच शिल्लक होता. कारण यंदाही मी चाळीस गाईंच्या हिशेबाने कोटा घेऊन ठेवला होता, आणि सेरेन आता माझ्या गोठ्यात नव्हती ना.

"किती घेशील, सांग," तो म्हणाला.

किती वर्षं मी या घडीची वाट पाहिली होती! आकडा ओठांवर आला होता. पण मला त्याला आणखी छळायचं होतं.

"पैसे नकोत. उद्यापासून तुला गाईचं काम काय? सेरेन परत दे आणि कोटा घे."

सौदा त्याच्या फायद्याचाच होता. एरवी त्याने माझं वाक्य पुरं होऊ दिलं नसतं. आज त्याने मागे वळून आपल्या गोठ्याकडे पाहिलं. बाहीला गाईचे केस चिकटलेले, हातांना शेणाचा वास.

"ती विकायची नाही," तो म्हणाला.

"अरे, कोटा जाईल! खाशील काय?"

"बघू." एवढं बोलून तो वळला आणि खरंच चालू लागला.

मला त्याचा भयंकर राग आला, आणि डोळेही भरून आले. दोन्ही एकदम. "इद्वल, मूर्खा, माघारी फीर!" मी ओरडले. कोटा दिल्याच्या कागदावर सही केली, तो त्याच्या हातात कोंबला, आणि टँकर घेऊन वाटेवर थांबलेल्या गेथिनला म्हटलं, याला आधी कार्यालयात पोचव. एक पेनीसुद्धा घेतली नाही.

हे आम्ही दोघांनी कुणालाच सांगितलेलं नाही. नेस्टाने कोटा फुकट दिला असं कळलं, तर पुढच्या मार्चमध्ये सगळं खोरं माझ्या दारात उभं राहील. आणि एका गाईपायी इद्वलवर तो फुकट घ्यायची वेळ आली असं कळलं, तर त्याच्याशी सौदा करायची कुणाला भीतीच वाटणार नाही.