मला आउट करा

अंधेरीतल्या एका गेम कंपनीने अंधांसाठी केलेला फोनवरचा गेम तपासायला मला बोलावलं. मला जन्मापासून दिसत नाही. शत्रूची पावलं ज्या कानात वाजतील, त्या बाजूला वार करायचा. आवाज झकास होते, पण मी सारखीच जिंकायला लागले तेव्हा मला संशय आला. मी फोन टेबलावर ठेवला आणि निवांत चहा प्यायले. शत्रू आला, जवळ घुटमळला आणि आपोआप मेला. "अभिनंदन!" फोन म्हणाला.

गेम बनवणारा अभिमानाने म्हणाला, "मॅडम, या मोडमध्ये तुम्ही मरतच नाही. उगाच त्रास नको ना."

माझं डोकं फिरलं. लहानपणी मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली पकडापकडी खेळताना मी कायम कच्चा लिंबू असायचे. मला पकडलं तरी आउट नाही, माझ्यावर राज्य कधीच नाही. सगळे दमेपर्यंत मी नुसती धावायचे.

"हे लाड बंद कर आणि मला मरू दे," मी म्हटलं.

त्याने सेटिंग बदललं. पहिल्याच लढाईत मागून वार झाला आणि मी मेले. खोलीत जमलेले कंपनीतले सगळे चिडीचूप.

"गप्प काय बसलात?" मी म्हटलं. "आत्ता कुठे मला खेळायला घेतलंत!"