तिसऱ्या गिअरचा धक्का

वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना गिअरमामा म्हणत. बिघडलेली गाडी आली की मामा स्वतः एक फेरी मारत, गिअरच्या दांड्यावर तळहात ठेवत आणि आत काय दुखतंय ते सांगत. बत्तीस वर्षांत हा तळहात फार थोड्या वेळा चुकला होता, आणि ही गोष्ट मामांनी कुणाला विसरू दिली नव्हती.

मग कॉम्प्युटरवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गाड्या आल्या. त्यात चाकांचा वेग किती, पेडल किती दाबलंय, तेल किती तापलंय, हे सेन्सर एका डबीला कळवतात. डबी ठरवते. तिच्या हुकमाने विजेचे छोटे व्हॉल्व्ह उघडतात, तेल दाबाने आत शिरतं, क्लचच्या प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात आणि गिअर पडतो. मामांना हे पाठ होतं. ठरवायचं त्या डबीने आणि हात काळे करायचे आपण, एवढंच काय ते त्यांच्या पोटात दुखत होतं.

त्या वर्षी मामांनी दुरुस्त केलेल्या दोन गाड्या परत आल्या. वर्कशॉपचे मालक म्हणाले, "मामा, आता तिसरी आली तर तुमचं टेबल काढतो. गेटवर बसा, नोंदी करा."

तिसरी गाडी एका शिक्षिकेची होती. प्लेटा पार जळल्या होत्या. मामांनी पाच दिवस घेतले. तान्ह्या मुलाला न्हाऊ घालावं तशी एकेक कडी धुतली, नव्या प्लेटा बसवल्या. लॅपटॉपवर गाड्या तपासणारी मुलगी जवळ येऊन उभी राहिली.

"मामा, डबीची जुनी शिकवणी पुसून देऊ? दहा मिनिटांचं काम आहे."

"कसली शिकवणी?"

"प्लेटा झिजत गेल्या तशी ती जास्त तेल सोडायला शिकली. आता प्लेटा नव्या आहेत, हे तिला कुठे माहीत आहे?"

"तू माझ्या कामात नाक खुपसू नकोस."

पोरगी लॅपटॉप मिटून निघून गेली.

मामांनी फेरी मारली. तिसरा गिअर पडताना धक्का बसला. तळहाताला तो स्वच्छ कळला. पण जुन्या गाड्यांत नव्या प्लेटा अशाच अडून बसायच्या आणि शंभरेक किलोमीटरमध्ये सरळ व्हायच्या. बसतील, असं म्हणून मामांनी चावी देऊन टाकली. घरी बायकोला सांगितलं, "टेबल वाचलं." तिने इतक्या दिवसांनी त्यांना पोटभर जेवताना पाहिलं.

चौथ्या दिवशी शिक्षिका परत आल्या. "धक्क्याने माझ्या आईची मान धरलीय," एवढंच म्हणाल्या. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मामांना बरं वाटलं असतं.

मुलीने लॅपटॉपची तार गाडीला जोडली आणि दहा मिनिटांत डबीला सगळं विसरायला लावलं. मग मामांना म्हणाली, "चला, नव्याने शिकवायला गाडी थोडी फिरवावी लागते." गाडी तिने चालवली, मामा शेजारी बसले. सवयीने हात दांड्यावर गेला.

गाडी वेग घेत राहिली. मामा वाट पाहत होते.

"तिसरा कधी पडतोय?" त्यांनी विचारलं.

मुलीने स्क्रीनकडे पाहिलं. "मामा, आता पाचवा चालू आहे."

मामांनी हात काढून मांडीवर ठेवला. आयुष्यात इतकं चांगलं काम त्यांनी कधीच केलं नव्हतं, आणि ते त्यांच्या तळहाताला कळलंसुद्धा नव्हतं. परतीच्या वाटेवर मुलगी म्हणाली, "मालकांना सांगते मी, प्लेटा उत्तम बसवल्यात म्हणून." तिने सांगितलंही. मालकांनी ऐकून मान डोलावली, पण तिसरी गाडी परत आली होतीच.

सोमवारी मामांचं टेबल गेलं आणि तिथे लॅपटॉपच्या चार्जिंगच्या तारा आल्या. मामा गेटवर वही घेऊन बसले. शिक्षिकेची गाडी बाहेर पडली तेव्हा त्यांनी नंबर लिहिला, वेळ लिहिली. पुढच्या रकान्यात काम करणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तिथे त्यांनी, कुणी सांगितलं नसताना, स्वतःच्या नावाऐवजी त्या मुलीचं नाव घातलं.