वासना म्हणजे खुशबू

तेलुगूत ‘वासना’ म्हणजे वास. चांगला असेल तर ‘मंचि वासना’. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि माहीत असून मी भर कचेरीत ‘नाही’ म्हणालो. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती वाचेल तेव्हा वाचेल.

आधी अत्तराचं सांगतो, कारण त्याच्याबद्दल मला आता कुणापुढे मान खाली घालायची नाही. मी शमामा लावतो. मसाले, मुळ्या, साली भट्टीवर शिजवून काढलेलं दाट, काळपट अत्तर. लावलं की पहिली पाच मिनिटं लवंग आणि मिरी नाकात चढते, शिंक येते की काय असं वाटतं. मग धूर येतो, पाणी मारून विझवलेल्या चुलीचा. दुपारनंतर धूर खाली बसतो आणि ट्रंकेतल्या शालीसारखं काहीतरी उबदार उरतं, ते आंघोळीनंही जात नाही. वडील हिवाळ्यात कानात त्याचा फाया ठेवायचे, त्यांचं बघून मी. आईला ते कधी सोसलं नाही. मी काचीगुड्याच्या घराची पायरी चढलो की ती आतून ओरडायची, “आलं धुपाटणं! बाहेरच ठेव!”

बाजार खुला झाला त्या वर्षांत पुण्याच्या एका कंपनीनं दिलसुखनगरला शाखा काढली, संगणकाची. दोन खोल्या, एक एसी. मराठी येतं आणि गाव माहीत आहे म्हणून मला घेतलं. चपराशी सोडला तर बाकी सगळे पुण्याचे. साहेब परदेशी फवारा मारून येत. बाटलीवर इंग्रजीत ‘पुरुषांसाठी’ असं छापलेलं, आणि ती टेबलावर दिसेल अशी ठेवलेली. माझ्याजवळून गेले की म्हणायचे, “काय नवाबसाहेब, आज कबाब भाजून आलात का?” सगळे हसायचे. मीही हसायचो. त्या हसण्याचा मला आज फार राग येतो.

एक मॅडम हसत नसत. पुण्याहून बदलून आलेल्या, माझ्याच वयाच्या. एकदा त्यांनी मला जिन्यात गाठलं.

“ते काय लावता तुम्ही? मला हवंय.”

“अहो, ते पुरुषांचं असतं.”

“कुणी सांगितलं?”

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर आम्ही दोघं बसनं अफझलगंजला उतरलो, पूल ओलांडला आणि वडिलांच्या अत्तरवाल्याकडे गेलो. माझी शंका मी त्यांनाही विचारली. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, जसं नापास पोराकडे बघतात.

“मियाँ, इत्तर मर्द-औरत का नै होता. गर्मी का होता, सर्दी का होता. ये सर्दी का है. अम्मा को सर्दी नै लगती क्या?”

मॅडम इतक्या हसल्या की दुकानदारही हसला. त्यांच्या मनगटावर तोच शमामा निराळा झाला. लवंग जास्त वेळ तापत राहिली, धूर उशिरा आला, आणि धुराखाली गुलाबासारखं काहीतरी होतं जे मला माझ्या अंगावर कधी सापडलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये त्या सारखं मनगट नाकाशी नेत होत्या. “याच्यानं भांडायची ताकद येते हो,” म्हणाल्या. जुन्या घाण्याची एकच शीशी उरली होती. दुकानदारानं ती निम्मी दुसऱ्या शीशीत ओतून दिली, निम्मी त्यांना, निम्मी मला. आमच्यात घडलं ते एवढंच. पण माझं लग्न ठरलेलं होतं, आणि ती निम्मी शीशी मी घरी कुणाला सांगितली नाही.

चपराशी पन्नाशी ओलांडलेले होते. आम्ही त्यांना ‘तात’ म्हणायचो, म्हणजे तेलुगूत आजोबा. साहेब लोकांना बरं वाटावं म्हणून ते हौसेनं मराठी शिकत. एकदा चहा ठेवताना म्हणाले, “आज चहाला फार वास येते.” साहेब म्हणाले, “का, दूध नासलं?” पुन्हा हशा. तात माझ्यामागे गॅलरीत आले.

“सर, गलत बोला क्या मैं?”

“वास नक्को बोलो तात. वास खराब रैता.”

पुढे ‘सुवास’ हा शब्द सांगायला हवा होता. आत फोन वाजला, मी उठून गेलो.

मग त्या डिसेंबरात एका सकाळी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. मॅडम माझ्या शेजारी बसल्या. तात चहाचा ट्रे घेऊन आमच्या दोघांमध्ये वाकले, थांबले, आणि त्यांचा चेहरा उजळला. वास हा शब्द वाईट, हे मी सांगितलेलंच होतं. त्यांनी आपल्या भाषेतला मोठा, घरंदाज शब्द काढला.

“अरे वा! सरांची वासना मॅडमच्या अंगाला लागली! फार चांगली वासना!”

मॅडमचा चेहरा लाल झाला.

“काय म्हणालात?” साहेब उभे राहिले.

तातांना वाटलं उच्चार चुकला. त्यांनी तो शब्द सावकाश, तोडून म्हटला. मग कळावं म्हणून नाकाला बोट लावलं, मॅडमकडे हात केला आणि लांब श्वास ओढून दाखवला. ते दृश्य त्या खोलीत कसं दिसलं असेल ते सांगायला नको.

“बाहेर व्हा,” साहेब म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. उद्यापासून यायचं नाही.”

“खुशबू बोला मैं साब! हमारे तेलुगू में वासना बोले तो खुशबूच! सर कू पूछो. सर, जरा बोलो ना. बेटी का रिश्ता हुआ है मेरी, ऐसा इल्जाम नक्को.”

साहेब माझ्याकडे वळले. “तू इथला आहेस. खरं आहे का हे?”

रस्त्यावरच्या कुणालाही हाक मारून विचारलं असतं तरी चाललं असतं. पण विचारलं मला. मी हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: मग मॅडमच्या अंगाला तुझी खुशबू कशी? तेव्हा बाईची बाटली वेगळी, पुरुषाची वेगळी. एकच वास दोन अंगांना म्हणजे काय, ते सगळ्यांनी आपापलं ठरवलं असतं.

“असं काही ऐकलं नाही मी,” म्हणालो.

तातांनी ट्रे टेबलावर ठेवला. एकही कप सांडला नाही.

आठवड्यानं मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. “माझी घरमालकीण आज मोगऱ्याला वासना म्हणाली. तुम्हाला माहीत होतं.”

मी समोरची फाईल उघडली.

“मी सांगितलं तर म्हणतील बाई सारवासारव करतेय. तुम्ही सांगा.”

“सोमवारी सांगतो.”

ते सोमवार बरेच आले आणि गेले. त्यांनी बदली मागून घेतली. जाताना माझ्याशी बोलल्या नाहीत, पण शेवटच्या दिवशीही शमामा लावून आल्या होत्या. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. एवढी हिंमत माझ्यात नव्हती. मी महिनाभर साबणाच्या वासानं फिरलो.

काही वर्षांनी काचीगुडा स्टेशनबाहेर स्कूटर लावायला गेलो तर चिठ्ठी फाडून देणारे तात. त्यांनीच ओळखलं. “सर, वोइच वासना,” म्हणाले आणि हसले. लग्न झालं का मुलीचं, मी विचारलं. “हौ, हुआ. पन दामाद के कान पे बात गई. आज भी बोलते बच्ची कू, तेरा बाप औरतां कू छेड़ा, नौकरी गई.” मागे हॉर्न वाजायला लागले. मी चिठ्ठी घेतली आणि गाडी चालू केली.

परवा पुण्याहून भाची आली. पर्समधून एक काळी, चौकोनी, भलती महाग बाटली काढली. “मामा, हुंगा. स्मोकी, स्पायसी. आणि युनिसेक्स, म्हणजे बायका-पुरुष दोघं लावतात. आता असंच चालतं.” लवंग, मिरी, मागून धूर. तिनं नवऱ्याच्या शर्टावर मारलं, स्वतःच्या गळ्यावर मारलं, आणि दोघं एकाच वासाचे होऊन सगळ्यांसमोर सोफ्यावर बसले. कुणाला त्यात काही दिसलं नाही. मला उठून गॅलरीत जावं लागलं.

लोक म्हणतील, झालं गेलं गंगेला मिळालं, तीस वर्षांपूर्वीचं कशाला उकरता. उकरणार. बायको विचारेल, त्या मॅडम कोण. सांगणार, आणि शमामा लावूनच सांगणार. दोघांनी एकच अत्तर लावण्यात पाप नव्हतं, तेव्हाही नव्हतं. पाप एका शब्दाचा अर्थ गिळण्यात होतं, आणि ते सगळं माझं आहे, त्यात साहेबांचा वाटा मी आता धरत नाही.

तात सरूरनगरकडे मुलीजवळ राहतात, असं नुकतंच स्टेशनवर चौकशी केल्यावर कळलं. त्या घरी जाऊन, त्यांच्या मुलीसमोर आणि मुख्य म्हणजे जावयासमोर, हा माणूस खरं बोलला होता आणि खोटं मी बोललो, हे सांगायचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.