रजूताईबरोबर समुद्रावर

रजूताई गेली, हे सांगायला तिच्या नवऱ्याचा, वसंतभाऊंचा फोन आला तेव्हा मी साडीवर खडे चिकटवत बसले होते. "रजू गई..." एवढंच ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, तरी मी विचारलं, "कोण बोलतंय?" माझा स्वभावच तसा. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तरी मी जुडी सोडून बघते. रजूताई त्यावरून मला फार चिडवायची. नवागामच्या आमच्या चाळीत आमची दारं समोरासमोर. ती नंदुरबारकडची, मी पारोळ्याची. सुरतेत आल्यावर सख्ख्यासारख्या झालो.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की आमच्या खानदेशातल्या बाया माहेरी पळतात. भाऊ मुराळी म्हणून न्यायला येतो, सासू कितीही खाष्ट असली तरी त्या दिवशी अडवत नाही. ज्यांना जमत नसे अशा आम्ही दोघी-चौघी मागे राहायचो, आणि रजूताई आम्हाला पोराबाळांसकट समुद्रावर न्यायची. "भाऊ लेवाले उना व्हता, पन मीच नही गऊ. पोरेस्ले समुद्र दखाडना शे," असं म्हणायची. मला तेव्हाच खटकायचं. आखाजीला आलेल्या भावाला परत पाठवणारी बाई मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

ओलपाडच्या पुढे, इको गाडीत कोंबून बसून जावं लागे. गाव लहान, काळपट वाळूचं. तिथला समुद्र मला कधीच भरवशाचा वाटला नाही. सकाळी पायाशी असायचा, दुपारी पाहावं तर दूरवर नुसता चिखल. त्या चिखलावर लेवटे नावाचे मासे टुणटुण उड्या मारायचे. मासा असून पाण्याबाहेर, तेव्हा त्यांच्यावरही माझा विश्वास नव्हता. रजूताई मात्र घरच्या अंगणात वावरावी तशी वावरायची. पोरांना खेकड्यांची बिळं दाखवायची, ओहोटीत कुठवर जायचं ते बजावायची, सुरूच्या बनात चादर अंथरून आमच्यापुढे ताडगोळे सोलून ठेवायची. मी प्रत्येक ताडगोळा हुंगून खायचे. "खाय वं, त्यामा काई इख नही!" म्हणून ती हसायची.

आणि मग दुपारी ती नाहीशी व्हायची. "पाय मोकळे करून येते" म्हणून बनामागच्या गल्लीत शिरायची. परत यायची तेव्हा डोक्याला चपचपीत तेल, घट्ट वेणी, हातात नव्या काचेच्या बांगड्या. दरवर्षी! पाय मोकळे करायला गेलेल्या बाईची वेणी कोण घालतं? मी विचारलं तर म्हणायची, "वारा लागना." वाऱ्याला वेणी घालता येते हे मला नवीनच होतं. माझ्या मनात नको ते येऊन गेलं, कबूल. तुमच्याही आलं असतं.

ती गेली त्या दिवशी सवाष्णीच्या अंगावर घालायला माहेरची साडी यावी म्हणून आम्ही थांबलो. बाया रस्त्याकडे बघत राहिल्या. शेवटी वसंतभाऊ हळूच म्हणाले, "नका थांबू. तिकडे कुणीच नाही. भाऊ तिच्या लग्नाआधीच वारला..."

मला आधी राग आला. मेलेल्या माणसाचा राग येतो, हे सांगायला लोक लाजतात. मी लाजत नाही. इतकी वर्षं ती आमच्याशी खोटं बोलली. मग तिला त्या गावी जायचं होतं म्हणून आम्ही आडोसा होतो काय? तिचे ते ताडगोळे, ते खेकडे, सगळं आम्हाला गुंतवून ठेवण्यापुरतं? हे कळल्याशिवाय मला तिच्यासाठी धड रडताही येईना.

काही आठवड्यांनी आखाजी आली. मी एकटीच इकोत बसले. बनामागच्या गल्लीत रजूताईचं नाव घेऊन विचारत गेले, तर लोकांनी एका उंच ओट्याच्या घराकडे बोट दाखवलं. ओट्यावर मणीबा नावाची म्हातारी, शेजारी तेलाची वाटी. तिने माझ्या मागे पाहिलं. गल्ली रिकामी होती. मी काही बोलायच्या आधीच तिने वाटी बाजूला सारली...

मग तिने विचारलं, "तू पेली शंकावाळी बेन ने?"

मी चमकले. तीच ती संशयी बहीण, असं म्हणत होती म्हातारी. मग तिच्या गुजरातीत सावकाश सांगत गेली. पहिल्या वर्षी रजूताई या ओट्यावर येऊन रडत बसली होती. मणीबाला लेक नव्हती. तिने तेल लावून दिलं आणि पुढच्या वर्षी यायला सांगितलं. तेव्हापासून रजूताई तिला बा, म्हणजे आई, म्हणायची. माहेर नसलेल्या बाईची लोक कीव करतात, ती तिला नको होती, म्हणून चाळीत भाऊ जिवंत ठेवला. "तुम्हाला आणायची ती मला दाखवायला. इथून किनारा दिसतो ना. तुम्ही बसलेल्या असायच्या, पोरं खेळायची. म्हणायची, बघा बा, हे माझं सासर."

मी ओट्यावरून पाहिलं. खरंच सगळा किनारा दिसत होता.

"मी म्हणायची, त्या बेनला तरी घरी आण. तर म्हणायची, तिला आयतं सांगितलेलं पटत नाही. मी नसेन तेव्हा तीच येईल शोधत, दुसरं कुणी नाही."

आखाजीला आमच्याकडे त्या वर्षी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात, हे मी मणीबाला सांगितलं. ती उठली. त्या गावात विहिरी खाऱ्या, पिण्याचं पाणी टँकरने येतं. तिने कोरी घागर काढली आणि काठोकाठ भरून माझ्यापुढे ठेवली. पाणी विहिरीचं तर नाही ना, म्हणून मी बोट बुडवून चाखलं.

गोडं होतं. मग मात्र मला रडू आवरेना.