फाटकाबाहेरची केझाया

आमच्या विदरलीत केझाया थर्लोइतकी हट्टी बाई झाली नाही, आणि इथं हट्टी बायकांचा तुटवडा होता अशातला भाग नाही. ती धोबीण. पाद्रीबाबांचे पांढरे झगे तीच धुवायची, खळ घालून कडक इस्त्री करायची. पण पोचवायला आली की चर्चच्या फाटकाबाहेरच उभी. झगे भिंतीवरून द्यायची. आत पाऊल टाकायचं नाही म्हणजे नाही.

कारण गावाला ठाऊक होतं. ती बाप्टिस्ट पंथाची. त्यांच्यात तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करत नाहीत. तिची पहिली मुलगी आठवड्याच्या आतच गेली, तेव्हा बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून जुन्या पाद्रीबाबांनी चर्चच्या आवारात पुरायला जागा दिली नाही. भिंतीबाहेर, रस्त्याकडेच्या काटेरी झुडपाखाली पुरावं लागलं.

पुढं लढाईत तिचा मुलगा एनॉक गेला. तिकडून कुणाचंच प्रेत आलं नाही. गावानं चर्चच्या आवारात दगडी क्रूस उभारायचा ठरवला, त्याच्या चौथऱ्यावर गेलेल्यांची नावं. कमिटीत मीही होतो. भोवतीच्या साखळ्या फुकटात करायला लोहार हवाच होता ना. नकाशा देखणा होता. नावं चर्चच्या दाराकडे तोंड करून, म्हणजे प्रार्थनेहून निघणाऱ्या सगळ्यांना दिसतील. निम्मं गाव बाप्टिस्ट, ते त्या दारातून निघतच नाही, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

केझाया थेट बैठकीत आली. नावं रस्त्याकडे करा, म्हणाली. नवे पाद्री मिस्टर लोव्हिक भला माणूस. ते समजूत घालायला लागले. काळ बदललाय, आता आत यावं, वगैरे.

"मग माझ्या पोराचं नाव गाळा," ती म्हणाली. "मी दारातून यायची नाही, आणि त्याच्या दगडाची पाठ बघत जगायचीही नाही."

आली का पंचाईत! हवेलीतल्या लेडी विनिफ्रेडही कमिटीत होत्या. त्यांचाही एकुलता एक मुलगा त्याच लढाईत गेला होता.

"फिरवा दगड," त्या म्हणाल्या. विषय संपला. हवेलीपुढं बोलणार कोण?

अनावरणाला बिशप आले आणि दगडाच्या कोऱ्या पाठीपुढं प्रार्थना म्हणून गेले. त्यांना विचित्र वाटलं असेल. मग नावं वाचायला सगळी मंडळी फाटकातून रस्त्यावर. केझाया तिथं आधीपासून उभी होती. लेडी विनिफ्रेड फुलांचं चक्र हातात घेऊन तिच्याशेजारी आल्या आणि नीट दिसावं म्हणून झुडपापाशी सरकल्या.

"बाईसाहेब, जरा इकडं व्हा," केझाया हळूच म्हणाली. "तिथं एनॉकची बहीण आहे."

त्या झटकन मागे सरल्या. खाली बघून त्यांनी विचारलं,

"नाव काय तिचं?"

"रूथ. इतक्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

मीही ते पहिल्यांदाच ऐकलं. लेडी विनिफ्रेडनी चक्र क्रूसाकडे नेलंच नाही. तिथंच, झुडपाखाली ठेवलं.