आठ नंबरच्या विहिरीचे वाचक

आमच्यात सुनेनं सासरच्या थोरल्या माणसाचं नाव घ्यायचं नसतं. त्यामुळे माझ्या मोठ्या दिरांना मी लग्न झाल्यापासून नुसतं 'आगा' म्हणत आले. पण कागदावरही आगा-आगा करत बसले तर कुणाला काय कळणार? त्यांचं नाव मेंदिगाली. कास्पियनच्या काठावरच्या आमच्या गावात, संस्कृती भवनात, ते सिनेमाचं यंत्र चालवायचे. मग घरोघरी टीव्ही आले, भवनाचा पडदा फाटला, यंत्र गंजलं आणि आगा घरी बसले. त्याच भवनाच्या मागच्या खोलीत मी ग्रंथालय सांभाळते. इथले लोक पुस्तकं नेतात आणि परत आणतात तेव्हा पानांना मासळीचा वास येत असतो. त्यावर बोलून बोलून मी थकले आहे.

सांगायचं आहे ते आठ नंबरच्या विहिरीबद्दल. पाण्याची नव्हे, तेलाची. आताची कंपनी यायच्याही आधी कुणीतरी ती खणली, तिच्यावर लोखंडी झाकण ठोकलं आणि निघून गेलं. पुढे समुद्र वर आला, मग मागे हटला आणि त्या झाकणाची चाळण झाली. विहिरीभोवती लव्हाळ्यांचं बेट आहे, तिथं आता पाण्यावर काळी साय धरते. एका वसंतात आगा मासे धरायला गेले आणि कुशीत हंस घेऊन परत आले. हंसाला आमच्याकडे कुणी खडासुद्धा मारत नाही. हा हंस डांबरात बुडवून काढल्यासारखा होता. आम्ही दोघांनी त्याला कोमट पाण्यानं, साबणानं, शेवटी चहाच्या पाण्यानं धुतलं. माझ्या दारातच तो मेला. आगांनी त्याला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या दारात जाऊन उभे राहिले.

कंपनीत त्यांना चहा मिळाला. जिल्ह्याच्या कचेरीतही चहा मिळाला. दोन्हीकडे उत्तर एकच, "आगा, आमच्या नकाशावर अशी विहीरच नाही." गावात विचारावं तर प्रत्येकाला विहीर ठाऊक आणि प्रत्येकाच्या तोंडाला कुलूप. कारण घरटी एक माणूस कंपनीत. माझा नवरा अबिलसुद्धा तिथंच ट्रक चालवतो.

"लोक तक्रारी वाचत नाहीत," आगा मला म्हणाले, "मारामारी वाचतात. अख्खा जन्म मी त्यांना मारामारीच दाखवली ना!"

आणि त्यांनी कादंबरी लिहिली. 'आठ नंबरचा सूड'. नायक बातिरखान हेलिकॉप्टरमधून समुद्रात उडी मारतो, पाण्याखालून पोहत तेल काढायच्या फलाटावर चढतो, एका हातानं तिघांना लोळवतो आणि खलनायकाच्या घरी जेवून त्याच घराला सुरुंग लावतो. मधे एक रशियन डॉक्टरीणही आहे, तिचं काम मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण विहीर खरी. लव्हाळी खरी, हंस खरा, नंबरसुद्धा खरा. जिल्ह्याच्या छापखान्यानं ते पुस्तक छापलं आणि गावात असं घर राहिलं नाही जिथं ते वाचलं गेलं नाही. माझ्या ग्रंथालयातल्या प्रतीची तर पानं सुटली.

शरदात गावप्रमुखानं जाहीर केलं की कंपनीची जनसुनावणी होणार. लव्हाळ्यांचा सगळा किनारा 'स्वच्छ' नोंदवून त्याची फाइल कायमची बंद करायची, कुणाची हरकत असेल तर त्यानं बोलावं. म्हणजे एकदा तिथं 'हरकत नाही' लिहिलं गेलं की आठ नंबर कधी नव्हतीच! आगा धावत माझ्याकडे आले. "सूनबाई, त्याआधी वाचकांची बैठक ठेव. पुस्तकावर बोलता बोलता एक जण जरी म्हणाला ना, की ही विहीर आपलीच आहे, तरी पुरे. एकाला तोंड फुटलं की बाकीचे बोलतील."

मी बैठक ठेवली. स्वतःच्या हातानं बाउरसाक, म्हणजे पिठाचे फुगीर गोळे, तळले, चहा मांडला. खोली गच्च भरली आणि मग जे सुरू झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

आधी होजाबेक गुरुजी उठले. शाळेतून निवृत्त झालेत, पण तपासणी सुटलेली नाही. "मेंदिगाली, खलनायक नायकाला काठोकाठ भरून चहा देतो. बरोबर?"

"बरोबर," आगा म्हणाले.

"अरे, पाहुण्याला भरलेला कप म्हणजे पी आणि चालता हो! आणि तुझा बातिरखान पुढं अख्खं प्रकरण तिथंच ठाण मांडून बसतो. लाज नाही त्याला?"

"गुरुजी, तो अपमानच आहे. खलनायकानं मुद्दाम..."

"मग उठायला नको? अपमान झालेला कळत नाही तो कसला नायक!"

सगळी खोली हसली. मागून कुणी विचारलं की बातिरखान कुठल्या कुळाचा, सात पिढ्यांची नावं का दिली नाहीत. दुसऱ्याला डॉक्टरणीचं लग्न हवं होतं. मी मधे म्हटलं, "अहो, विहिरीबद्दल बोला ना कुणीतरी! त्या हंसाबद्दल बोला!" तर माझा नवरा म्हणतो, "हंसाचं छान लिहिलंय," आणि बाउरसाक तोंडात टाकतो. तेव्हा त्या माणसाला तिथंच चार शब्द सुनावावेत असं वाटलं.

शेवटी कातशा आपांनी काठी आपटली. या आमच्या गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या. गावाबाहेर राहतात, उंट पाळतात आणि उंटिणीच्या दुधावर त्यांचं घर चालतं. भिंगातून वाचतात, पण एक अक्षर सोडत नाहीत.

"पोरा," त्या आगांना म्हणाल्या, "चहाचं सोड. तुझा बातिरखान त्या माणसाच्या दस्तरखानावर जेवायला बसतो. त्याचं नान मोडतो, त्याच्या हातचं मटण खातो. आणि रात्री त्याच घराला सुरुंग लावतो?"

"आपा, तो दुष्ट माणूस आहे. समुद्र नासवतोय तो!"

"असेल. पण नायकानं त्याचं मीठ खाल्लंय. खाल्ल्या मिठाला जागायचं नसेल तर खायचं कशाला? आधी भांडायचं, नाहीतर उपाशी राहायचं. हे पुस्तक मी माझ्या नातवाला वाचू देणार नाही."

आणि सगळ्या खोलीनं माना डोलावल्या. अगदी मनापासून! तेलावर, समुद्रावर, हंसावर एक अक्षर नाही, पण नायकानं मटण खाल्लं म्हणून अख्खं गाव दुखावलं. आगा पुस्तक मिटून बसून राहिले. लोक गेल्यावर मी कप गोळा करत होते तेव्हा ते म्हणाले, "यांना विहीर दाखवली आणि यांनी ताट पाहिलं."

पण आपांचं बोलणं आगांच्या मनात कुठंतरी रुतलं असावं. सुनावणीच्या सकाळी नेहमीप्रमाणे मी त्यांच्यापुढे नान आणि लोणी ठेवलं. त्यांनी ताट मागं सरकवलं.

"आज नको."

"बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे. पण हे पीठ अबिलच्या पगाराचं. आज मला कंपनीचं मीठ नको."

मला इतका राग आला! एवढी वर्षं या माणसाला गरम वाढतेय आणि आज माझ्या चुलीवरच्या अन्नाला नाव ठेवतात? मी ताट उचललं आणि चुलीपाशी आदळलं. आगा उपाशीच टोपी घालून निघाले.

भवनाच्या दारातच कंपनीनं मोठं दस्तरखान मांडलं होतं. नान, बाउरसाक, सुका मेवा, उंटिणीचं आंबवलेलं दूध. एक मुलगी तबकात नान घेऊन दाराशी उभी. आत जाणारा प्रत्येक जण तुकडा मोडून तोंडाला लावत होता. आमच्यात घाई असली तरी नान तोंडाला लावल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. आगा दाराशी आले. मुलगी म्हणाली, "आगा, तोंड तरी लावा." आगांनी मान हलवली. तिनं तबक आणखी पुढं केलं. आगा तिला वळसा घालून आत गेले.

अख्ख्या दालनात कुजबुज झाली. नान नाकारलं! कुणाच्या घरी कुणी मयत झालं असतं तरी एवढी खळबळ झाली नसती. अबिल माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तुझ्या आगांनी माझं नाक कापलं." मी म्हटलं, "माझे आगा? भाऊ कुणाचा आहे?"

कंपनीकडून सांझार नावाचा तरुण साहेब आला होता. आमच्याच भागातला, बोलायला गोड. त्यानं किनारा किती स्वच्छ आहे ते सांगितलं आणि हरकत आहे का विचारलं. आगा उभे राहिले. आवाज कापत होता, भुकेनं की रागानं कोण जाणे. "मी तुमचं काही खाल्लेलं नाही, म्हणून बोलतो. लव्हाळ्यात आठ नंबरची विहीर गळतेय. आधी ती बुजवा, मग किनाऱ्याची फाइल बंद करा."

सांझार हसला. वाईट हसला नाही, हेच वाईट. "आगा, तुमचं पुस्तक मी एका बैठकीत संपवलं. झोप उडाली! आठ नंबर, तो हंस, ते हेलिकॉप्टर! काय कल्पनाशक्ती आहे तुमची! पण ही सुनावणी आहे. कादंबरीतली विहीर मी कशी बुजवणार?"

लोक हसले. आमचेच लोक. आगा उभेच राहिले. लोकांनी वाचावं म्हणून खरं ते गोष्टीत घातलं, आणि आता गोष्टीत आहे म्हणून ते खोटं! त्या वेळी मला सगळ्या गावाची चीड आली, आणि बाउरसाक चघळणाऱ्या माझ्या नवऱ्याची सगळ्यांत जास्त.

तेवढ्यात काठी आपटली. कातशा आपा उठत होत्या.

"साहेब, मी दाराशी तुमचं नान खाल्लंय. तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही."

"आपा, तुमचे आभार," सांझार म्हणाला.

"पण पुस्तकाबद्दल बोलेन. त्यावर तुमचं मीठ नाही. वाचकाला मत असतं ना?"

"हो, हो. बोला ना."

"पुस्तक वाईट आहे. नायकाला रीत नाही. ती डॉक्टरीण कशाला आहे ते तिलाही ठाऊक नाही. माणूस पाण्याखाली एवढा वेळ राहतो, तो माणूस की मासा? या मेंदिगालीला लहानपणापासून ओळखते मी. याच्याकडे कल्पनाशक्ती असती तर पुस्तक असं झालं असतं? विहीर त्याला सुचलेली नाही. माझी उंटीण तिथून पोटापर्यंत काळी होऊन आली होती. तेवढंच एक पान मला पटलं."

मग होजाबेक गुरुजी खाकरले. "मीही वाचक म्हणूनच बोलतो. वासाचं वर्णन कमी पडलंय. पूर्वेचा वारा सुटला की शाळेच्या खिडक्या लावाव्या लागायच्या, तेवढा वास पुस्तकात येत नाही." मागून कुणी म्हणालं, साय काळी लिहिली आहे, ती उन्हात तपकिरी दिसते. प्रत्येक जण पुस्तकाला नावं ठेवत होता आणि प्रत्येक नावाबरोबर विहीर वर येत होती. आगा एकेकाकडे वळून बघत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

आणि मग अबिल. माझा अबिल, ज्यानं घरीसुद्धा त्या विहिरीचं नाव काढलं नव्हतं. बसल्या बसल्याच म्हणाला, "बातिरखान पंपाच्या शेडपासून उजवीकडे वळतो. चूक आहे. उजवीकडे दलदल आहे. आठ नंबरला डावीकडून जावं लागतं."

सांझारचं हसू गेलं. "तुम्ही गेला आहात तिथं?"

"मी पुस्तकाबद्दल बोलतोय," अबिल म्हणाला आणि बुटांकडे बघत बसला.

गावप्रमुखानं घाम पुसला. 'हरकत नाही' असं लिहिण्याची आता सोय राहिली नव्हती. तो म्हणाला की उद्या सगळे मिळून जाऊन बघू आणि रस्ता अबिल दाखवेल. आमच्याकडचा उद्या कधी उजाडतो ते मला माहीत आहे. पण लिहिणाऱ्या मुलीनं तो शब्द उतरवून घेतला, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

बाहेर आलो तर आगा पायरीवर बसलेले. मला वाटलं खूश असतील. कसले खूश! "ऐकलंस? कल्पनाशक्ती नाही म्हणाली! बाहेरच्या लोकांसमोर! एकानं तरी म्हणायचं ना, की शेवट बरा आहे! हेलिकॉप्टरसाठी मी किती खपलो!" ओठ कोरडे पडले होते, सकाळपासून पोटात काही नव्हतं. मलाही त्यांच्यावर ओरडावंसं वाटत होतं, सकाळच्या ताटासाठी.

कातशा आपा मागून काठी टेकत आल्या. कोटाच्या खिशातून रुमाल काढला आणि सोडला. आत नान होतं, जाडजूड, एका बाजूला थोडं करपलेलं. त्यांनी तुकडा मोडून आगांपुढे धरला.

"खा. पीठ माझं, मीठ माझं, चूलही माझीच."

आगांनी घेतला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते लपवायला त्यांनी टोपी खाली ओढली. आपा उरलेलं नान त्यांच्या मांडीवर ठेवत म्हणाल्या, "आता माझ्याविरुद्ध काही लिहू नकोस म्हणजे झालं."